शेजारचा भीम

भीम हे नाव आमच्या मुलांनी ठेवलं. लाक्षागृहातून निसटल्यावर थकलेल्या आईला आणि भावांना उचलून रान तुडवणारा भीम त्यांच्या चित्रांच्या पुस्तकात होता, आणि खिडकीबाहेर पाहिलं की शेजारच्या अंगणात दोन कयाक डोक्यावर घेऊन उभा असलेला ट्रक दिसायचा. नाव ठेवायला एवढं पुरलं. ट्रकच्या मालकांना, म्हणजे शेजारच्या आजोबांना, मुलांनी सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि एकच विचारलं : एवढ्या सगळ्यांना एकट्याने उचललं, तर कोणाला कुठे घेतलं? आई खांद्यावर, जुळे भाऊ कडेवर, उरलेले दोघे दोन हातांत, असं मुलांनी सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली. वजनाची वाटणी त्यांना पटली.

भीम 1996 सालचा. फोर्डचा एफ-150, दोनच दारांचा, मागे पुऱ्या 8 फुटांचा हौदा. रंग मूळचा गडद हिरवा, आता जागोजागी नुसता प्रायमर. इंजिन सहा सिलिंडरचं, सगळे एका रांगेत, 4.9 लिटरचं. त्याच वर्षानंतर फोर्डने ते या ट्रकमध्ये बसवणं थांबवलं, पण जुने मेकॅनिक अजून त्याच्याबद्दल आदराने बोलतात. थंडीच्या सकाळी ते सुरू होताना ऐकावं. आवाज खोल येतो आणि त्यात घाई नसते. चाकांवरच्या कमानी मात्र गंजाने खाल्ल्या आहेत. मिशिगनमध्ये हिवाळाभर बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, आणि खुद्द डेट्रॉईट शहराच्या पोटात, सुमारे 1,200 फुटांवर, 1910 साली सुरू झालेली मिठाची खाण आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचं ते मीठ. तो समुद्र दर हिवाळ्यात वर येतो आणि भीमाच्या अंगाला चावतो. आजोबा वसंतात गंज खरवडतात, पत्र्याचं ठिगळ लावतात, वरून रंगाचा हात मारतात. डेट्रॉईटच्या आसपासची बरीच मराठी घरं, आमच्यासकट, मोटारींच्या धंद्यावरच उभी आहेत. नवी गाडी कशी जन्मते हे आमच्याकडे रोज जेवताना बोललं जातं. जुनी गाडी कशी जगते, हे मी भिंतीपलीकडे पाहिलं.

आजोबा सुतार. आयुष्यभर त्यांनी लोकांचे जिने आणि खिडक्या केल्या, आणि भीमाने त्यांचं लाकूड वाहिलं. चार बाय आठचा प्लायवूडचा तक्ता त्याच्या हौद्यात सपाट बसतो. लांब हौद्याचं माप असल्या कामांना धरूनच आहे. 1925 साली फोर्डने मॉडेल टीच्या पाठीमागे कारखान्यातच हौदा बसवून ती गाडी 281 डॉलरना विकायला काढली, तेव्हापासून या जातीला एकच काम ठाऊक : जड ते मागे टाका आणि चला. भीम अर्ध्या टनाच्या वर्गातला. त्याचे मागचे कमानपाटे ओझ्याच्या हिशेबाने ताठ केलेले. हौदा भरलेला असला की तो रस्त्यावर दमदार बसतो. रिकामा असला की खड्ड्याखड्ड्याला मागून उडतो.

कयाक ही त्याच्या सगळ्या सवयींच्या विरुद्ध जाणारी वस्तू. आजोबांची पिवळी, प्लास्टिकची, साडेसोळा फूट. आजींची लाल, फायबरग्लासची, 17 फूट. दोन्ही जेमतेम दोन फूट रुंद आणि प्रत्येकी 25 किलोच्या आसपास. म्हणजे दोन्ही मिळून सिमेंटच्या एका गोणीएवढं वजन, आणि भीमाने अशा गोण्या ढिगाने वाहिलेल्या. पण गोणी आपटली तरी गोणीच राहते. कयाक आपटली की तडकते, फार आवळली की चेपते, सैल सोडली की उडते. जड ओझ्याला पाठ लागते. लांब आणि हलक्या ओझ्याला समज लागते, आणि ती समज भीमाने आजोबा-आजींकडून घेतली.

इतक्या लांब कयाक हव्यात कशाला, असं मीही विचारलं होतं. उत्तर होतं लेक सुपीरियर. 82,000 चौरस किलोमीटरचं, महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठं गोडं पाणी. वर्षाची सरासरी काढली तर त्याचं तापमान 4 अंशांच्या आसपास येतं. त्याच्या दक्षिण काठावर म्युनिसिंगजवळ पिक्चर्ड रॉक्सचे कडे आहेत, ठिकठिकाणी 200 फुटांपर्यंत उंच. वालुकाश्मातून पाणी झिरपतं आणि लोखंडाचा तांबडा, तांब्याचा निळा-हिरवा, मँगनीजचा काळपट असे पट्टे कड्यावर उतरतात. ते पाहायचे ते पाण्यातूनच. वारा फिरला तर तिथे कड्याला धडकून परतणाऱ्या लाटांत सापडायला होतं आणि मैलोन् मैल बाहेर पडायला जागा नसते. तिथे तळ्यातली दहा फुटी बुटकी कयाक नेणं म्हणजे जिवाशी खेळ. लांब, अरुंद, वरून बंद, आत हवाबंद कप्पे असलेली समुद्री कयाकच हवी. म्हणून 17 फूट. आणि म्हणून भीमाची अडचण.

पहिल्यांदा त्यांनी केलं ते कुणीही करील तेच. फाळका पाडला आणि कयाक हौद्यात सरकवल्या. आता हिशेब पाहा. हौदा 8 फूट, पाडलेला फाळका धरून 10. म्हणजे 17 फुटांतले 7 फूट मागे हवेत. शिवाय कयाकचा मध्य येतो साडेआठ फुटांवर, हौदा संपतो त्याच्या जरा पुढे. तोल सगळा फाळक्यावर. एक धक्का बसला की केबिनकडचं टोक वर उठणार. मागे सामान 4 फुटांहून जास्त बाहेर आलं की अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत टोकाला लाल फडकं बांधावं लागतं. ते बांधलं तरी वळणावर शेपूट उलट्या बाजूला झाडू मारत जाते, आणि पंपावर मागच्या गाडीतल्या माणसाच्या नाकासमोर येऊन थांबते. यावर टी आकाराचा एक लोखंडी हात मिळतो. ट्रेलर ओढायच्या चौकोनी नळीत तो खोचायचा, की तो फाळक्यामागे चारेक फूट जाऊन एक आडवा दांडा धरतो. चांगली वस्तू आहे. मासेमारीच्या 12 फुटी, रुंद आणि अंगाने जड कयाक असतात त्यांच्यासाठी हौदा आणि हा हात यांहून बरं काही नाही असं माझं मत झालं आहे, कारण 40 किलोची होडी डोक्यावर चढवायचा प्रश्नच मिटतो. समुद्री कयाकला मात्र तो अपुरा. काहीजण कयाकचं एक टोक हौद्यात आणि दुसरं केबिनच्या टपावर असं तिरपं ठेवतात. वारा तिच्या पोटाखाली शिरतो आणि तिला उचलू पाहतो. आजोबांनी तो प्रकार करून पाहिला नाही. सुताराला तिरपं काही सोसत नाही.

मग उरला टप, आणि इथे भीमाचा खरा स्वभाव कळला. साध्या मोटारीचं अंग एकसंध असतं. भीमाचं नाही. खाली शिडीच्या घडणीची पोलादी चासी, तिच्यावर पुढे केबिन, मागे हौदा, दोन्ही आपापल्या बोल्टांनी बसवलेले, आणि दोघांमध्ये बोटभर फट. ती फट उगाच ठेवलेली नाही. कच्च्या रस्त्यावर एक चाक दगडावर चढलं की चासी किंचित पिळते. केबिन एका अंगाला कलते, हौदा दुसऱ्या. आजोबांनी एकदा मला ते मुद्दाम दाखवलं. मागचं डावं चाक लाकडाच्या ठोकळ्यावर चढवलं आणि म्हणाले, आता फटीकडे बघ. फट वरच्या बाजूला रुंदावली होती, खाली तेवढीच राहिली होती. एक दांडा केबिनच्या टपावर आणि दुसरा हौद्यावर लावून त्यांवर कयाक घट्ट बांधली, तर ती या दोन अंगांच्या मधली काठी होते. पालखी वाहणाऱ्या दोन भोयांची पावलं जुळली नाहीत की हिसका आतल्या माणसाला बसतो. इथे आतलं माणूस म्हणजे फायबरग्लासची लाल कयाक. हमरस्त्यावर काही जाणवत नाही. जंगलातल्या शेवटच्या खडबडीत मैलात तिच्या पोटावर केसाएवढी चीर उमटते, आणि ती दिसते पाण्यात उतरल्यावर.

यातून सुटायच्या दोन वाटा. एक : हौद्यावरच्या दांड्याला घट्ट बांधायचं आणि केबिनवर फक्त जाड फोमवर टेकवायचं, म्हणजे तिथे तिला सरकायला मुभा राहते. दुसरी : दोन्ही दांडे एकाच अंगावर घ्यायचे. आजोबांनी दुसरी धरली. शिड्या आणि लांब फळ्या वाहायला सुतार-प्लंबर हौद्यावर लोखंडी चौकट बसवतात, तशी त्यांच्याकडे धंद्यातली होतीच. तिचा पुढचा दांडा केबिनच्या पाठीशी, टपाच्या चार बोटं वर. मागचा फाळक्यालगत. दोन्हींत सात फुटांहून थोडं जास्त अंतर, आणि 17 फुटी कयाकला तेवढं पुरेसं. ती केबिनच्या वरून पुढे झेपावते, पण केबिनला शिवत नाही. चासी कितीही पिळली तरी दोन्ही दांडे एकत्र कलतात आणि कयाक त्यांच्याबरोबर. ही चौकट बसल्यावर भीम पहिल्यांदा पुरा दिसला.

बाजारात तयार रॅक भरपूर मिळतात, आणि त्यांचे बनवणारे पाण्याशीच नातं असलेले आहेत. स्वीडनची थुले 1942 साली सुरू झाली ती पाइक मासा धरायच्या सापळ्यावर. अमेरिकेतल्या याकिमाने आरंभी कयाकच्या आत पाय टेकवायचे आधार बनवले. तरी दांड्यावरची खोगीरं आजोबांनी स्वतः केली, हे मला योग्य वाटतं. दोन्ही होड्यांच्या पोटाचे साचे कागदावर काढले, लाकूड तसं कोरलं, वर गालिच्याचा तुकडा चिकटवला. ही खोगीरं बरोबर कप्प्यांच्या भिंतींखाली येतात, कारण तिथे कयाकचं अंग सर्वांत मजबूत असतं.

बांधणं हे आजींचं खातं. त्यांच्याकडे रॅचेटच्या पट्ट्यांना बंदी आहे. रॅचेट लाकडाच्या ओंडक्याला ठीक, त्याची मूठ दोनदा जास्त फिरवली तरी ओंडक्याला कळत नाही. कयाकच्या बरगड्या तेवढ्यात आत जातात. त्या साध्या खटक्याचे पट्टे वापरतात. हाताने ओढून जेवढा ताण येतो तेवढाच, वर काही नाही. प्लास्टिकची कयाक उन्हात मऊ पडते, मग सकाळी बरोबर असलेला पट्टा दुपारी तिच्यात रुततो आणि पोटाला खळगा पडतो. म्हणून ऊन चढलं की त्या पिवळीचे पट्टे थांबून जरा सैल करतात. खळगा पडलाच तर मोकळी करून उन्हात ठेवली की बहुतेक वेळा तो आपोआप भरून येतो. फायबरग्लास असा क्षमाशील नसतो. पट्टा ओढताना त्याला मध्ये एक पीळ द्यायचा, हेही त्यांनीच दाखवलं. सपाट पट्टा वाऱ्यात थरथरतो आणि केबिनभर घुमत राहतो. एका पिळाने तो गप्प होतो. मग पुढच्या टोकाची दोरी बंपरखाली, मागच्या टोकाची मागे. दोरीतच एक फास करून त्यातून तीच दोरी ओवायची आणि ओढायची, थोड्या जोरात दुप्पट ताण येतो. ट्रकवाल्यांची ही गाठ त्यांना झोपेतही बांधता येईल. शेवटी त्या कयाकचं टोक धरून हलवतात. हलली ती फक्त कयाक, तर बांधणं चुकलं. कयाकबरोबर सबंध भीम डुलला, तर निघायचं.

आमच्याकडून म्युनिसिंग साधारण 400 मैल. आय-75 वर पुढची टोकं वाऱ्याला सामोरी जातात, आणि वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 35 मैलांवर जेवढा दाब, 70 वर त्याच्या चौपट. पुढची दोरी त्यासाठी. भीमाला 60 च्या पुढे न्यायचं नाही असं आजोबांनी ठरवून टाकलं आहे, आणि मागून हॉर्न वाजले तरी ते ठरलेलंच राहतं. रिकाम्या हौद्याची ती उडी मोडायला पाण्याचे कॅन, तंबू, भांडी असं सगळं जड सामान ते खाली, मागच्या चाकांच्या रेषेत ठेवतात. पाठीवर वजन आलं की भीम शांत होतो आणि डोक्यावरची कयाकही शांत राहते. हलक्या वस्तूसाठी जड वस्तू बरोबर घ्यायची, ही युक्ती मला फार आवडते.

वाटेत मॅकिनॉचा पूल. 1957 साली खुला झालेला, 5 मैलांचा, खाली मिशिगन आणि ह्युरॉन ही दोन सरोवरं एकमेकांना भेटतात. त्याच्या आतल्या मार्गिका लोखंडी जाळीच्या आहेत, चाकाखालून थेट पाणी दिसतं. बाहेरच्या डांबरी. वारा वाढला की पुलावर वेग 20 मैलांवर आणतात, आणि फारच वाढला तर उंच गाड्यांना सोबत देऊन पार करतात. पुलाआधीच्या गावात भीम थांबतोच. आजी उतरतात, सगळ्या पट्ट्यांवरून हात फिरवतात, टोक हलवतात. एकदा मी त्यांच्याबरोबर होते. आडव्या वाऱ्यात भीमाचं सुकाणू सतत थोडं वाऱ्याकडे धरावं लागत होतं, आणि आजोबा ते इतक्या सहज धरून होते की पूल संपेपर्यंत मला ते कळलंच नाही.

कयाक पाण्यापर्यंत पोचवायचा प्रश्न कयाकइतकाच जुना आहे. आर्क्टिकच्या इनुइट शिकाऱ्यांनी वाहून आलेल्या लाकडाचा सांगाडा करून त्यावर सीलचं कातडं शिवलं, ते होडी माणसाने एकट्याने उचलावी इतकी हलकी व्हावी म्हणून. बर्फाच्या कडेपर्यंत ती कुत्र्यांच्या घसरगाडीवर जायची. जर्मनीत 1907 साली रोझेनहाइमच्या योहान क्लेपर यांनी घडीची कयाक बाजारात आणली. ती पिशव्यांत भरून लोक आगगाडीने नदीवर जात. आणि आमच्या या सरोवरांची मूळ होडी तर कयाक नव्हेच. ओजिब्वे लोकांची भूर्जाच्या सालीची कनू इथली. ती एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात माणसाच्या खांद्यावरूनच जाई. भीम या रांगेतला अगदी अलीकडचा.

आजकालचे पिकअप मी रोज पाहते. चार दारं, आत सोफ्यासारख्या खुर्च्या, आणि मागे उरलेला साडेपाच फुटांचा हौदा. 2015 पासून एफ-150 चं अंग ॲल्युमिनियमचं झालं, म्हणजे ते अंग मिठाने गंजायची चिंता सरली, आणि ही सुधारणा मनापासून मानावी अशी आहे. पण त्यांचे टप इतके वर गेले आहेत की कयाक चढवायला आधी माणसालाच चढावं लागतं, आणि हौदा इतका आखूड की त्यात दहा फुटी होडीसुद्धा मागे डोकावते. ओझं वाहणाऱ्याची उंची उचलणाऱ्याच्या खांद्याला धरून असावी, एवढी साधी गोष्ट त्यात हरवली.

कारण खांदे म्हातारे होतात. आजोबांचा उजवा हात आता कानापर्यंत येतो, वर जात नाही, आणि भीमाचे दांडे साडेसहा फुटांवर. त्यांच्या लेकाने बसका ट्रेलर घ्यायचा सल्ला दिला, तो चुकीचा नव्हता. आजोबांनी आधी रबराचा एक रूळ आणून मागच्या दांड्यावर बसवला. आता कयाक दोन टप्प्यांत चढते. फाळका पाडून पुढचं टोक आधी त्याच्यावर ठेवायचं. तिथे दम घ्यायचा. मग तेच टोक उचलून रुळावर, आणि मागे जाऊन शेपूट उचलून ढकलायचं. कुठल्याही क्षणी हातात कयाकचं निम्मंच वजन, बारा-तेरा किलो. उरलेलं निम्मं भीमाने धरलेलं असतं. रूळ फिरतो, लाल कयाक केबिनवरून पुढे सरकते आणि खोगिरात बसल्याचा आवाज येतो.

या उन्हाळ्यात तिसरी कयाक आली, आमच्या मुलीची, 10 फुटी. सुपीरियरवर ती उतरवायची नाही, म्युनिसिंगच्या वाटेवरच्या छोट्या तळ्यांपुरतीच, हे आजींनी तिच्याकडून आधी वदवून घेतलं. ती कुठे ठेवायची यावर अंगणात बरीच मोजामोजी झाली. 8 फूट हौदा, 2 फूट पाडलेला फाळका. काठोकाठ बसली, लाल फडकंसुद्धा लागलं नाही. पट्टा मुलीनेच लावला. आजींनी टोक धरून हलवलं, म्हणाल्या अजून एक पीळ दे, आणि तिने दिला.